डांबराची साखर

गेल्या महिन्यात बाबांचा वाढदिवस होता म्हणून शनिवार-रविवार गावी गेलो होतो. आईने बासुंदी केली होती. दोन पातेल्यांत. मोठं आमच्यासाठी, साखरेचं. लहान बाबांसाठी, गोळ्यांचं. बाबांना मागच्या वर्षी डायबेटिस निघाला, तेव्हापासून घरात ही दोन पातेल्यांची पद्धत सुरू झाली आहे.

आईने दूध उकळायला ठेवतानाच त्यात स्वीटनरच्या वीस गोळ्या टाकल्या आणि चांगलं पाऊण तास आटवलं. चव घेतली तर फिक्की! मग आणखी दहा टाकल्या, पुन्हा उकळी काढली. तरी फिक्कीच. "मेडिकलवाल्याने बनावट माल दिला," असं आईने जाहीर करून टाकलं. बाबांनी एक चमचा तोंडात घातला, वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "आयुष्यभर पोत्यांनी साखर तपासली, आणि म्हातारपणी ही डांबराची साखर चाटायची!"

बाबा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. उसाच्या रसाचा ब्रिक्स, पोल, रिकव्हरी हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. माझ्या इंजिनीअरिंगची फीसुद्धा साखरेच्याच पैशातून गेली. त्यामुळे त्यांचा राग मला समजत होता. पण रात्री आईने हळूच सांगितलं की साखरेचा डबा हल्ली लवकर संपतो. बाबा दुपारी तिचा डोळा चुकवून चहात साखर घालतात. "गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. त्यापेक्षा साखर बरी, असं त्यांचं म्हणणं. तू शिकलेला आहेस ना, बघ जरा."

आता आली का पंचाईत! त्यातून ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझाही एचबीए१सी ५.९ आलेला. म्हणजे मीही उंबरठ्यावरच उभा. मग पुढचे दोन वीकएंड एक्सेल शीट उघडून बसलो. हिशोब करायला बसलो आणि इतिहासात शिरलो, नेहमीसारखाच.

तर मंडळी, पहिली गंमत म्हणजे बाबांचा 'डांबराची साखर' हा शब्द शंभर टक्के बरोबर आहे. वर्ष १८७९, गाव अमेरिकेतलं बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसेन या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत कोन्स्टान्टिन फालबेर्ग नावाचा माणूस दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. एका संध्याकाळी हात नीट न धुताच जेवायला बसला. पाव तोंडात घातला तर गोड! हाताला काहीतरी लागलंय हे लक्षात आल्यावर तो जेवण टाकून लॅबमध्ये पळाला आणि टेबलावरची भांडी एकेक करून चाखत सुटला. (आज असं केलं तर नोकरी जाईल. तेव्हा शोध लागला.) साखरेच्या तीनशेपट, काहींच्या मते त्याहूनही जास्त गोड असलेला तो पदार्थ म्हणजे सॅकरिन.

दुसरी गंमत मला जास्त आवडली. हा फालबेर्ग बाल्टिमोरला आला होता कशासाठी? साखर आयात करणाऱ्या एका कंपनीने त्याला साखरेची शुद्धता तपासायला नेमलं होतं! म्हणजे बाबा जे काम आयुष्यभर करत होते तेच.

पुढे नेहमीचंच नाट्य झालं. शोधाचा पहिला निबंध दोघांच्या नावाने, पण पेटंट मात्र फालबेर्गने एकट्याने घेतलं आणि जर्मनीत मॅग्डेबुर्गजवळ कारखाना काढला. रेमसेनला ते शेवटपर्यंत खटकत राहिलं.

आता मुद्दा किमतीचा, कारण सॅकरिनचा सगळा इतिहास कॅलरीपेक्षा पैशाने जास्त हलवला आहे. तीनशेपट गोड म्हणजे एका चमच्याचं काम चिमटीभरापेक्षाही कमी पावडरीत. गोडव्याच्या भावाने ते साखरेपेक्षा कितीतरी स्वस्त पडू लागलं. जर्मनीत बीटपासून साखर करणाऱ्यांचा धंदा मोठा होता. त्यांनी आरडाओरडा केला आणि १९०२ मध्ये तिथे कायदा होऊन सॅकरिन फक्त औषधाच्या दुकानात मिळू लागलं. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये बंदी नव्हती. मग काय, सॅकरिनचं स्मगलिंग सुरू! सोनं किंवा अफू नाही, चहात घालायची पावडर लोक लपवून सीमेपार नेत होते.

अमेरिकेत १९०८ मध्ये असाच एक प्रसंग झाला. अन्नभेसळीविरुद्ध लढणारे सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर बसले होते. तिथे जेम्स शर्मन नावाच्या खासदारांनी सांगितलं की त्यांच्या कंपनीने डबाबंद मक्याच्या दाण्यांत साखरेऐवजी सॅकरिन घालून वर्षाला चार हजार डॉलर वाचवले. वायली लगेच म्हणाले, ही तर गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि वर आरोग्याला अपायकारक. त्यांना माहीत नव्हतं की रूझवेल्ट डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतः रोज सॅकरिन घेत होते! राष्ट्राध्यक्ष असे भडकले की असं म्हणणाऱ्याला त्यांनी तोंडावर मूर्ख ठरवलं. पुढे तज्ज्ञांचं एक मंडळ नेमलं गेलं आणि त्याचे अध्यक्ष कोण, तर तेच इरा रेमसेन! मंडळाने थोड्या मात्रेत सॅकरिन अपायकारक नाही असा निर्वाळा दिला.

मला वाटतं, वायलींचं अर्धं बरोबर होतं. आरोग्याचा पुरावा त्यांच्याकडे पुरेसा नव्हता, पण फसवणुकीचा मुद्दा रास्त होता. साखर म्हणून पैसे घ्यायचे आणि दुसरंच काही घालायचं, ही चोरीच. आपल्याकडे लहानपणी बर्फाचा गोळा खाताना "त्यात सॅकरिन असतं" असं आई ओरडायची, ते याच हिशोबामुळे. स्वस्तात गोड, आणि खाणाऱ्याला पत्ता नाही.

दोन महायुद्धांत युरोपात साखरेचा तुटवडा पडला, आणि कालचा स्मगलिंगचा माल घराघरातल्या टेबलावर आला. कायदा, भीती, नीती सगळं बाजूला राहिलं.

मग कॅन्सरचं काय? बाबांची भीती उगाच आलेली नाही. सायक्लामेट नावाचा दुसरा एक गोड पदार्थ १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा यांना सापडला (याला टेबलावर ठेवलेली सिगारेट गोड लागली!). उंदरांवरच्या प्रयोगांनंतर १९६९ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. सॅकरिनची पाळी १९७७ मध्ये आली. कॅनडातल्या प्रयोगात उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या आणि अमेरिकेच्या एफडीएने बंदीचा प्रस्ताव आणला. पण त्या वेळी बाजारात दुसरा पर्यायच नव्हता. डायबेटिसवाले आणि डाएटवाले असे खवळले की संसदेने बंदी थांबवली आणि पाकिटावर इशारा छापायचा, एवढ्यावर भागवलं. नंतर कळलं की माणसाने रोज शेकडो बाटल्या डाएट सोडा प्यावा इतका डोस त्या उंदरांना दिला होता, आणि ज्या पद्धतीने त्यांच्यात गाठी होतात ती पद्धत माणसाला लागू होत नाही. डिसेंबर २००० मध्ये तो इशाराही गेला. इशारा तेवीस वर्षं होता, भीती मात्र आमच्या घरात अजून आहे.

आता आईच्या बासुंदीचं रहस्य. त्या गोळ्या अस्पार्टेमच्या होत्या. १९६५ मध्ये सर्ल नावाच्या औषध कंपनीत जेम्स श्लॅटर अल्सरच्या औषधावर काम करत होते. कागद उचलायला बोट चाटलं तर गोड! (या क्षेत्रात हात धुणारा माणूस काहीच शोधू शकला नसता बहुतेक :) ) साखरेच्या सुमारे दोनशेपट गोड. पण हा पदार्थ उष्णतेत टिकत नाही. बराच वेळ उकळला की त्याचे तुकडे पडतात आणि गोडी जाते. म्हणजे मेडिकलवाला निर्दोष! अस्पार्टेम घालायचं ते गॅस बंद केल्यावर.

यालाही वाद चुकला नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं. हा गट पुराव्याच्या पक्केपणावरून ठरतो, धोका किती मोठा यावरून नाही, आणि इथे पुरावा मर्यादितच होता. त्याच वेळी मात्रेची मर्यादा ठरवणाऱ्या समितीने जुनीच मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम. बाबांचं वजन ७० किलो, म्हणजे २८०० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण वीस मिलिग्रॅम धरलं तर रोज १४० गोळ्या. (फिनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांनी मात्र अस्पार्टेम टाळायलाच हवं. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.)

आता शीट. बाबा दिवसाला चार कप चहा घेतात, कपात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. जवळपास अर्ध्या वडापावापेक्षा थोडं जास्त, रोज. महिन्याला १२०० ग्रॅम साखर. किलोला ४५ रुपये धरले तर ५४ रुपये. गोळ्या घेतल्या तर महिन्याला २४०. मोठ्या डबीत गोळी साधारण साठ पैशांना पडते, लहान डबीत नव्वद पैशांपर्यंत जाते. म्हणजे १४४ ते २१६ रुपये. कॅलरी जवळजवळ शून्य. गंमत बघा, अस्पार्टेममध्येही ग्रॅममागे चारच कॅलरी असतात, अगदी साखरेइतक्या. फक्त ते लागतं दोनशेव्या हिश्श्याने. तर एकेकाळी साखरेपेक्षा स्वस्त म्हणून बदनाम झालेला माल आज गोळी होऊन साखरेच्या तिप्पट-चौपट भावाने मिळतो. आपण पैसे मोजतो ते डबी, जाहिरात आणि 'एक टिचकी म्हणजे एक चमचा' या सोयीचे.

कुठून घ्यायचं? मेडिकलमध्ये, सुपरमार्केटात आणि ऑनलाइन, तिन्हीकडे मिळतं. मोठी डबी ऑनलाइन किंवा सुपरमार्केटात बरी पडते. सुटी सॅकरिन पावडर केमिकलच्या दुकानातून कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेलं बंद पाकीटच घ्या. आणि पुढच्या मोठ्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या रसायनांच्या डब्या असतात. चहाच्या वरून घालायला अस्पार्टेम चालतं. बासुंदी-शिऱ्याला सुक्रालोज घ्यावं, ते उष्णता सहन करतं. सॅशेमध्ये वजन भरायला बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणून एका सॅशेत तीन-चार कॅलरी येतात. आणि हो, 'शुगर फ्री' बर्फीतला खवा काही फ्री नसतो!

सुक्रालोजची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. टेट अँड लाइल या साखर कंपनीसाठी लेस्ली हफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण संशोधकाला एका पदार्थाची 'टेस्ट' करायला सांगितलं होतं. त्याला ऐकू आलं 'टेस्ट' नाही, 'टेस्ट'! म्हणजे चाचणीऐवजी चव. (मराठीत दोन्ही सारखेच लिहितो आपण, त्याची काय चूक?) त्याने चाखलं. साखरेच्या सहाशेपट गोड. त्या संशोधकाचं नाव शशिकांत फडणीस.

हे सगळं मी रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. फालबेर्ग पोल तपासायला आला होता हे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आमच्यातलाच की!" फडणिसांचं नाव ऐकून थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "हे सुक्रालोज करतात कशापासून?" मी म्हटलं, साखरेपासूनच. साखरेच्या रेणूतल्या तीन जागी क्लोरीन बसवतात. बाबा मोठ्याने हसले. "म्हणजे शेवटी ऊस लागलाच!"

पण बाबा केमिस्ट आहेत, मी फक्त अर्धंच सांगतोय हे त्यांनी ओळखलं. मग मीही बाकीचं सांगितलं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा स्वीटनरवर विसंबू नका, असं सुचवलं आहे. ती सूचना आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नाही, म्हणजे ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागू होते. बाबा म्हणाले, "मग असं करू. मी चोरून साखर घालायची बंद करतो आणि कपाला एकच गोळी घेतो. तू गोळी नको घेऊस. दोनाची साखर एक चमचा कर, मग अर्धा. जीभ महिन्याभरात ऐकते."

चोरून साखर घालत होते हे त्यांनी स्वतःच कबूल केलं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मी काही बोललो नाही.

एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवतो. दिवाळीच्या आधी आम्ही दोघेही एकाच दिवशी तपासणी करणार आहोत. आत्ता हे लिहिताना शेजारी अर्धा चमचा साखरेचा चहा आहे. खरं सांगू? अजून तरी अगदीच फिक्का लागतोय. असो!