उघडणाऱ्या मुठीची कुळकथा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या खिशात हल्ली स्प्रिंगचा ग्रिपर असतोच. चंद्रपूर असो की गडचिरोली, गोळा थोडा लांब जावा म्हणून धावून झाल्यावर ती मैदानाच्या कडेला बसतात आणि तो दाबत राहतात. या वस्तूच्या पूर्वजांत युजेन सँडोचं नाव घ्यावं लागतं, ज्याच्या नावाची बनियन आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने मधोमध दोन भाग केलेलं, आत स्प्रिंगा बसवलेलं डंबेल बाजारात आणलं. ते उचलताना मूठ आवळून दोन्ही भाग एकमेकांना टेकवायचे. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. त्याच्या मागून आलेले ग्रिपर आकाराने बदलले. मूठ आवळायची, हे सूत्र तेच राहिलं.

चंद्रपूर जिल्ह्याला मात्र पकड कमावण्याची दुसरीही एक परंपरा आहे. ती कुष्ठरोगातून आली, आणि मला ती सँडोच्या परंपरेपेक्षा मोठी वाटते.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कातडीच्या लगत, वरवरून जाणाऱ्या नसा त्याच्या तावडीत आधी सापडतात. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस त्यातली मुख्य. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती हीच. ती निकामी झाली की तळहातातले बारीक स्नायू लुळे पडतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं, त्या बाजूची संवेदना जाते. मनगटाजवळची नस गेली तर अंगठाही समोर येईनासा होतो. अशा हाताकडे पाहून कोणीही म्हणेल, यात आता जोर उरला नाही. डॉक्टरही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते.

डॉ. पॉल ब्रँड यांचाही तोच समज होता. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले हे शल्यचिकित्सक वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते. १९४७ मध्ये ते चेंगलपट्टूचं कुष्ठरोग रुग्णालय पाहायला गेले. तिथे एका रुग्णाच्या आखडलेल्या बोटांत आपला हात देऊन ते म्हणाले, जमेल तेवढं जोरात दाब. लुळा स्पर्श होईल या अपेक्षेत ते होते. प्रत्यक्षात वेदनेने कळवळले. तळहातातले स्नायू मेले होते, पण बोटं मिटवणारे कोपराखालचे स्नायू शाबूत होते. म्हणजे मूठ आवळण्याचा जोर गेलेलाच नव्हता. गेलं होतं ते मूठ उघडणं. या निरीक्षणातून पुढे जिवंत स्नायूंची कंडरा वळवून बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया वेल्लोरला सुरू झाल्या.

दुसरा धडा एका कुलपाने दिला. गंजलेलं कुलूप ब्रँड यांना उघडेना. दहाएक वर्षांचा एक रुग्ण मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली एका झटक्यात फिरवली. जमिनीवर रक्त पडलं तेव्हा कळलं की किल्लीने त्याचं बोट हाडापर्यंत कापलंय. मुलाला पत्ता नव्हता. आपण किल्ली फिरवतो तेव्हा बोटातली कळ कुठे थांबायचं ते सांगते. त्याला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून तो मोठ्या माणसापेक्षा जास्त जोर लावू शकला.

या हातासाठी घडलेला व्यायाम त्यामुळे ग्रिपरच्या नेमका उलट दिशेने जातो. तो असा असतो: हात वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. घाम येणं बंद झाल्याने कातडी कोरडी पडून चिरते, तिला पाणी प्यायला द्यायचं. घट्टे दगडाने हलके घासायचे, पाणी पुरतं पुसायच्या आत तेल लावायचं. मग हात मांडीवर उताणा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने बोटं मुळापासून टोकाकडे हळूहळू सरळ करत न्यायची. पुढे बोटांचा मुळाशी असलेला सांधा वाकवून धरायचा आणि त्याच स्थितीत टोकं स्वतः सरळ करायची. स्प्रिंग दाबून काय होईल? आधीच वरचढ झालेले स्नायू आणखी वरचढ होतील आणि बोटं अधिक आत ओढली जातील.

शस्त्रक्रिया झालेल्यांना तर नव्यानेच शिकावं लागतं. मनगट हलवणाऱ्या स्नायूची कंडरा बोटाला जोडली असेल तर सुरुवातीला मनगट हलवायच्या विचारानेच बोट सरळ होतं. प्लास्टर निघाल्यावर ही उजळणी रोज, आठवडेच्या आठवडे चालते.

ब्रँड यांच्याच वर्षी, १९१४ मध्ये, हिंगणघाटला मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, जन्मले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठसेवा चालवली होती; बाबांसमोर तो वस्तुपाठ होता. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकून ते परतले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर थोड्या रुग्णांना घेऊन राहिले. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांनी आनंदवनाचं उद्घाटन केलं. माळावर पहिली गरज पाण्याची, म्हणजे विहिरीची. सब्बल, टिकास, फावडं, घमेलं ही तिथली व्यायामाची साधनं. पुढे शेती आली, हातमाग आले, पत्र्याचे डबे आले. बधिर हाताने टिकास धरायची तर दांडा जाड हवा, त्यावर कापड गुंडाळलेलं हवं, भार सगळ्या तळव्यावर वाटला जायला हवा आणि थोड्या थोड्या वेळाने हात डोळ्यांनी तपासायला हवा. कळ जे सांगत नाही ते नजरेला सांगावं लागतं. भिकेसाठी पसरलेला हात दांड्याभोवती बसवण्याची ही विद्या विदर्भाने कमावली, याचा मला मनापासून अभिमान आहे.

बहुविध औषधोपचार आल्यापासून हा रोग सहा किंवा बारा महिन्यांत, फुकट, पुरता बरा होतो. पण मेलेली नस औषधाने परत येत नाही, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत आजही नवे रुग्ण सापडत आहेत. म्हणून तपासणीत आरोग्य कर्मचारी हात उताणा धरायला लावतो, करंगळी बाहेर फाकवायला सांगतो आणि आपल्या बोटाने ती आत ढकलतो. ती सहज आत गेली तर नस दुखावली आहे. पहिल्या सहा महिन्यांत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू झालं तर ती बऱ्याचदा सावरते. तेव्हा अंगावर न दुखणारा, न खाजणारा बधिर चट्टा असेल, किंवा करंगळी ढिली वाटत असेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.