गावाला सारे ठाऊक असते

यंदा दिवाळी अंकासाठी काय लिहितो आहे, हे आमच्या मंडळींनी चहाचा कप ठेवता ठेवता खांद्यावरून वाचले आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, लोक चकली खात खात वाचणार, आणि तुम्ही खुनांचे सिनेमे घेऊन बसलात?"

मी म्हटले, "आपली दिवाळी तरी कोणाच्या नावाने सुरू होते? पहिल्या अंघोळीच्या दिवशी नरकासुराचीच आठवण काढतो ना आपण?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण स्वयंपाकघरातला झारा जरा जोरात वाजला. वाचकांनीही तसाच झारा वाजवला तर माझी तक्रार नाही. मात्र ज्या गावांत आपण राहतो, त्या लहान गावांच्या काळोखाची ही गोष्ट आहे. आणि दिवे लावायच्या दिवसांत काळोखाची चौकशी केली तर ती अस्थानी होऊ नये.

मी सिन्नरचा. गोंदेश्वराचे देऊळ, विड्यांचे कारखाने आणि पावसाची ओढ, या तीन गोष्टींसाठी आमचे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. भैरवनाथाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर बसून पाहायचा. पडद्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्यांना पाट्या उलट्या दिसायच्या, पण खून सुलटच दिसायचा. पोरे ओरडायची, बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि एखादा म्हातारा तपकिरीची चिमूट ओढीत शांतपणे म्हणायचा, "ह्यानंच केलंय. मला आधीच ठाव होतं." त्या वेळी मला त्या म्हाताऱ्याच्या हुशारीचे कौतुक वाटे. पुढे वाटू लागले, की 'आधीच ठाऊक होते' हेच लहान गावातल्या गुन्ह्याचे खरे रहस्य आहे.

आपल्या देशातल्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे आमच्या जिल्ह्याचे, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. खरे बोलण्यापायी राज्य घालवणाऱ्या राजापासून आपला सिनेमा सुरू झाला, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु पडद्याला देवांबरोबर माणसेही लागतात, आणि माणसे आली की त्यांच्यामागून गुन्हा आलाच.

तो आला १९२५ साली, आणि एकदम दोन दारांनी आला. त्या वर्षी १२ जानेवारीला मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला नावाच्या धनिकाचा खून झाला. त्याच्याबरोबर मोटारीत मुमताज बेगम होती; इंदूरच्या दरबारातून सुटून आलेली नर्तकी. हा खटला इतका गाजला की त्याच्या धगीने इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना १९२६ साली गादी सोडावी लागली. लोकांच्या जिभेवरची ही गोष्ट सिनेमावाल्यांनी थंड होऊ दिली नाही. कोहिनूर कंपनीने त्याच वर्षी 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. रूपवती स्त्री, तिच्यामागे लागलेला सत्ताधीश आणि मध्ये पडलेले प्रेत असा हा मसाला होता, आणि पुढे जगभर तो किती खपला हे आपण जाणतोच.

दुसरे दार कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांनी त्याच साली 'सावकारी पाश' काढला. त्यात रूपवती नाही, पिस्तूल नाही. एक अडाणी शेतकरी, एक खोटा कागद आणि गेलेली जमीन. तरुण शांतारामबापूंनी त्यातला शेतकरी केला होता. कायद्याच्या पुस्तकात बनावट दस्तऐवज हाही गुन्हाच. पण आपण त्याला गुन्ह्याचा चित्रपट म्हणत नाही, सामाजिक चित्रपट म्हणतो. का बरे? मला वाटते, मुंबईतल्या मोटारीत घडतो तो गुन्हा आणि गावात घडते ते नशीब, अशी आपण मनाशी वाटणी करून टाकली आहे.

ही वाटणी पुढची कितीतरी वर्षे टिकली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड सिन्नरच्या वाचनालयातून पाने निखळेपर्यंत फिरले. त्या गोष्टींतला गुन्हा शहरी कपडे घालून येतो. आम्ही विडीच्या सुपावर ओणवून त्या वाचल्या, आणि आपले गाव किती सुरक्षित म्हणून समाधानाने दिवे मालवले. १९६४ साली राजा परांजपे यांनी 'पाठलाग' काढला. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी आरोपी वकिलासमोर उभी राहते, ही त्यातली कल्पना अशी काही पकड घेणारी, की दोन वर्षांत हिंदीने 'मेरा साया' म्हणून ती उचलली. फारच देखणे काम. पण तो गुन्हाही घरंदाज माणसांच्या दिवाणखान्यातला. गाव अजून बाहेरच उभे होते.

इथे क्षणभर साता समुद्रांपलीकडे जाऊन येऊ. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली एका बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारले. मागे विम्याचे पैसे होते. त्या प्रकरणाच्या बीजावर जेम्स केन या कादंबरीकाराने गोष्टी रचल्या, आणि त्यांतल्या एकीवर १९४४ साली 'डबल इंडेम्निटी' हा गाजलेला चित्रपट निघाला. अशा चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६च्या सुमारास 'नुआर' म्हणजे 'काळा' असे नाव दिले. पुढे रंगीत जमान्यात त्याच धाटणीचे चित्रपट पुन्हा आले, त्यांना 'निओ-नुआर' म्हणू लागले. १९८१ सालचा 'बॉडी हीट' हा त्यांतला नमुनेदार. फ्लोरिडातले लहानसे गाव, अंगाची लाही करणारा उन्हाळा, एक वकील, एक श्रीमंताची बायको आणि नवऱ्याचा काटा. चित्रपट पाहताना आपल्यालाही घाम फुटतो. पण शेवटी सगळा काळोख त्या बाईच्या पदरी घालून प्रेक्षक मोकळा होतो. भुलवणारी ती, फसलेला तो. गावाचा संबंध काय?

आता योग पाहा. त्याच १९८१ साली मराठीत अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. नाव 'आक्रीत'. लेखन विजय तेंडुलकरांचे. त्यातही लहान गाव, गावातला वजनदार पुरुष, त्याने ठेवलेली बाई आणि अंगावर येणारी उष्ण वासना. वरवर पाहता दोन्ही चित्रपट एका आईची लेकरे वाटावीत. पण 'आक्रीत'चे बीज कादंबरीत नव्हते, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या मातीत होते.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४. वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना ही वर्षे वेगळ्या कारणानेही आठवत असतील. बाहत्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. आमच्या सिन्नर तालुक्यातही माणसे खडी फोडायला जात आणि सुकडीवर दिवस काढीत, असे आमची आजी सांगे. अशा दिवसांत मानवतला बायका आणि लहान मुली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या, आणि मग त्यांची प्रेते सापडू लागली. बहुतेक मुली दहा वर्षांच्या आसपासच्या. शेवटच्या घटनेत तर आईबरोबर दीड वर्षांचे तान्हे मूल. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या नामांकित पोलीस अधिकाऱ्याला धाडले, तेव्हा तपासाला दिशा मिळाली. समोर आले ते असे : पिंपळाखालच्या मुंजाला रक्त वाहिले म्हणजे पुरलेले धन हाती लागते आणि वांझेची कूस उजवते, या समजुतीपायी हे बळी गेले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. आरोपींत गावचा माजी नगराध्यक्ष होता.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली तिथे निकाल लागला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, याची चर्चा करताना कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल वाचतात. काही आरोपी सुटले, काहींची शिक्षा कायम राहिली.

पुरलेल्या धनाच्या गोष्टी मला परक्या नाहीत. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी; तेव्हा इथल्या प्रत्येक पडक्या भिंतीखाली हंडा असल्याचे आम्ही लहानपणी ऐकलेले. रात्री हंडा जमिनीखालून सरकतो आणि त्याचा आवाज येतो, असे आजी सांगू लागली की आम्ही पांघरुणात कान देऊन पडत असू. गोड भीती ती. पण ती गोड का, तर आमच्या घरी भाकरी होती म्हणून. दुष्काळात, सत्तेच्या हातात आणि मांत्रिकाच्या तोंडात तीच गोष्ट गेली म्हणजे तिचे काय होते, हे मानवतने दाखवले.

'आक्रीत' पाहताना मला सारखा आठवत राहिला त्याआधीचा 'सामना'. १९७४ सालचा, लेखन तेंडुलकरांचेच, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो गेला. साखरसम्राटाच्या गावात एक दारुडा मास्तर भरकटत येतो, आणि नाहीशा झालेल्या एका माणसाविषयी विचारू लागतो. बस्स, एवढेच, नुसते विचारतो. हिंदुराव झालेले निळू फुले आणि मास्तर झालेले डॉ. लागू यांची ती जुगलबंदी कोण विसरेल? पण मला मास्तर म्हणून त्यात दिसले ते वेगळेच. त्या गावात उत्तर कोणालाच शोधायचे नव्हते. उत्तर सर्वांना ठाऊक होते. प्रश्न विचारणारा तेवढा बाहेरून यावा लागला.

पाश्चात्त्यांचा काळा चित्रपट आणि आपला, यांत मला हाच मोठा फरक वाटतो. तिकडे काळोख असतो दोन माणसांच्या बंद खोलीत. आपल्याकडे तो भर चावडीवर असतो, दुपारी बारा वाजता. 'सावकारी पाशा'तला खोटा कागद गावाने पाहिलेला असतो. हिंदुरावाची मोटार कुठे गेली हे गावाने पाहिलेले असते. पारावर कोण रात्री-अपरात्री काय पुरते, याची कुजबूज गावात असतेच. "आपल्याला काय करायचंय" हे तीन शब्द मध्ये उभे राहतात, आणि त्यांच्या आडोशाने सगळे घडते.

आपल्या या चित्रपटांचा मोठेपणा मी मनापासून मानतो. गाव निष्पाप आणि शहर पापी, ही वाटणी त्यांनी मोडली. तरी एक बोच राहतेच. २०२४ साली मानवतच्या प्रकरणावर मालिका निघाली. चांगल्या नटांनी चांगली कामे केली, घरोघर चर्चा झाली. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही झाली. तपास करणारा अधिकारी सर्वांना आठवत होता, तो पुढारी आठवत होता, त्याची ती बाई तर फारच आठवत होती. मी सहज विचारले, "त्या मुलींपैकी एकीचे तरी नाव कोणी सांगता का?" कोणाला सांगता आले नाही. मलाही नाही.

पाहा ना, नरकासुराच्या बंदीतून सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या असे आपण दरवर्षी सांगतो. असुराचे नाव पक्के आठवते. पण त्या बायकांपैकी किती जणींची नावे आपण सांगू?

महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे तो झाला. कायदा आहे ही मोठी गोष्ट. पण कायद्याला हाक मारायला आधी कोणीतरी तोंड उघडावे लागते.

माझ्या हातात मोठे काही नाही. एक हजेरीपट आहे. चौथीच्या वर्गात रोज सकाळी मी नावे पुकारतो, आणि "हजर" अशी आरोळी ऐकू आली नाही की लाल शाईने 'गै' लिहितो. पुष्कळ वर्षे मी ते अक्षर लिहून पुढच्या नावाकडे वळत असे. 'आक्रीत' पाहिल्यापासून वळता येत नाही. त्यातल्या पोरी या माझ्या चौथीच्या वयाच्या. आता लागोपाठ तीन दिवस 'गै' पडले की शाळा सुटल्यावर मी त्या घरी जातो. बहुतेक वेळा कारण साधेच निघते : ताप, मामाचे गाव, धाकट्या भावाला सांभाळायचे, विड्या वळायच्या. आई म्हणते, "एवढ्यासाठी कशाला आलात, गुरुजी?" मी म्हणतो, "सहज." चहा होतो. पोरगी दारामागून हसते.

लिहून झाले तेव्हा मंडळींनी कागद मागून घेतला. उभ्यानेच वाचला. मग विचारले, "ती विडी-कामगाराची सुमार अंगाची पोर, दोन महिने आली नव्हती ती, यायला लागली का हो?"

"लागली," मी म्हटले.

"मग दिवाळीला तिला फराळाचे द्या नेऊन," म्हणाल्या, आणि डबा भरायला आत गेल्या.