तो पुरुष कोठे होता?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाचा आरंभ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘क’ वर्षी उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी तो मिस्सेत वाचला जातो. व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला मंदिराच्या अंगणात सर्वांसमोर उभे केले जाते, शास्त्री आणि परुशी मोशेच्या नियमाचा हवाला देतात आणि प्रभू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागतो. त्याने काय लिहिले, याविषयी शतकानुशतके तर्क चालले आहेत. आम्हाला मात्र त्याहून अवघड वाटतो तो प्रश्न निराळाच आहे. तो पुरुष कोठे होता?

हा प्रश्न आमच्या पदरचा नाही. तो नियमशास्त्रातच दडलेला आहे. लेवीय ग्रंथाचा विसावा अध्याय आणि अनुवाद ग्रंथाचा बाविसावा अध्याय पाहावा. व्यभिचाराची शिक्षा तेथे स्त्री आणि पुरुष या दोघांनाही सांगितली आहे. म्हणजे नियमाचा कैवार घेऊन आलेल्यांनी नियम अर्धाच आणला होता. उरलेला अर्धा त्यांनी सोयीस्करपणे घरी ठेवला.

या उताऱ्याचा इतिहासही बोलका आहे. चौथ्या शतकातील व्हॅटिकन आणि सिनाई या प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तो आढळत नाही. तो योहानाच्या शुभवर्तमानात मागाहून आला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. संत ऑगस्टीन यांनी मात्र वेगळे कारण दिले होते. आपल्या बायकांना पाप करण्याची मोकळीक मिळेल, या भीतीने काही अल्पविश्वासी लोकांनी तो ग्रंथातून गाळला, असे त्यांचे म्हणणे. कारण खरे असो वा नसो, असे घडू शकते हे त्या थोर आचार्यांना पटले होते. स्त्रीला मिळालेली क्षमा पुरुषांना किती जाचते, हे ते ओळखून होते. ख्रिस्तसभेने तो उतारा जपला आणि 1546 साली ट्रेंटच्या परिषदेने परंपरेने वाचले जाणारे सर्व ग्रंथ त्यांच्या सर्व भागांसह पवित्र मानले.

ख्रिस्ती शिकवण ज्या रोमन जगात रुजली, तेथे सम्राट ऑगस्टस याच्या कायद्यानुसार व्यभिचार हा विवाहित स्त्रीशी निगडित गुन्हा होता. विवाहित पुरुषाने दासीशी किंवा वेश्येशी संबंध ठेवला, तर कायद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. अशा जगात संत पौलाने करिंथकरांना लिहिले की, पत्नीच्या देहावर जसा पतीचा, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा अधिकार आहे. पहिला भाग त्या काळी कोणालाही मान्य झाला असता. दुसरा ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. पुढे संत जेरोम यांनी फाबिओला या रोमन स्त्रीविषयी लिहिताना हेच बजावले: सम्राटाचे नियम वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे, जे स्त्रीला वर्ज्य, ते पुरुषालाही वर्ज्य. प्रभूने नियम सैल केला नाही. त्याने तो नजरेपर्यंत, अंतःकरणापर्यंत नेला आणि दोघांनाही एकाच मापाने मोजले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात पुरुषाने वाटेल तितकी लग्ने करावीत आणि बालविधवेने मात्र केशवपन करून आयुष्य काढावे, असा उच्चवर्णीयांचा रिवाज होता. तिचा पाय घसरला, तर दोष तिचा एकटीचा. याविरुद्ध जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंना या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानात गवसले. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या लंडनमधील फुलहॅम येथील आश्रमात समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची सेवा त्यांनी पाहिली. ही सेवा कशासाठी, असे विचारताच एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. ख्रिस्तच स्त्रियांना वर काढू शकतो, ही प्रतीती आपल्याला योहानाच्या चौथ्या अध्यायाने दिली, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले आहे. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन चालवले. बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली छापून पूर्ण झाले.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा धागाही येथे जुळतो. देवरुखच्या बालविधवा गोदूबाई या रमाबाईंच्या शारदा सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. मुरुडचे विधुर धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली त्यांच्याशी विवाह केला. विधुर पुरुषाने पुन्हा लग्न करावे, यात गावाला नवल नव्हते. त्याने विधवेशी केले, म्हणून मुरुडकरांनी बहिष्कार घातला. पुन्हा तेच अर्धे नियमशास्त्र!

परंतु इतरांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भारतीय ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता, परित्याग किंवा तत्सम दुसरे कारण सिद्ध करावे लागे. विवाहाचे बंधन अतूट मानणाऱ्या आपल्या ख्रिस्तसभेचा हा कायदा नव्हे, हे खरे. तरीही ख्रिस्ताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजात तो एकशे तीस वर्षांहून अधिक काळ नांदला. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. जेरोमचे शब्द कायद्यात उतरायला सोळा शतके लागली.

आणि आमच्या प्रवचनांचे काय? शुद्धतेविषयी बोलताना आमची नजर बहुधा मुलींच्या बाकांकडे वळत आली, हे आम्हाला कबूल केले पाहिजे. मुलीच्या पोशाखाविषयी आम्ही बोललो. मुलाच्या नजरेविषयी, जिच्याबद्दल प्रभू स्वतः डोंगरावरील प्रवचनात बोलला, क्वचितच. नोकरीसाठी मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेल्या पतीची पत्नी गावी कशी वागते, यावर साऱ्या वाडीचा पहारा असतो. तिकडे तो कसा वागतो, हे कोणी विचारीत नाही.

शुद्धतेची आज्ञा कठोर आहे आणि ती तशीच राहील. प्रभूने त्या स्त्रीला दोषी ठरवले नाही, तसेच तिला पापाकडे परतण्याची मुभाही दिली नाही. पण त्याच क्षणी त्याने धोंडे उचलणाऱ्यांना स्वतःच्या आत पाहायला लावले आणि वडीलधाऱ्यांपासून आरंभ करून ते एकेक निघून गेले. आपल्या घरांतही आरंभ वडीलधाऱ्यांपासूनच व्हावा. मुलीला जे शिकवायचे ते मुलालाही शिकवावे, एकाच ताटावर बसवून, एकाच शब्दांत. नाहीतर आपणही अर्धेच नियमशास्त्र घेऊन मंदिराच्या अंगणात उभे राहू.