गोंडपिपरीकडची भरमार

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एकमेकींकडे झुकत झुकत अखेर ज्या ठिकाणी प्राणहिता हे एकच नाव धारण करतात, त्या संगमाच्या वरच्या अंगाला, दोहोंच्या मधल्या बेचक्यात गोंडपिपरीचा तालुका वसलेला आहे. इंग्रजी अमदानीत वर्धेपलीकडे निजामाचा मुलूख होता, वैनगंगा उतरून गेले की घोट, अहेरी अशा गोंड जमीनदाऱ्या लागत, आणि मधल्या भागात धान, तूर नि कापूस पिकविणारी, रानाला खेटून असलेली गावे होती. तेव्हा दोन सरकारांच्या आणि अनेक जमीनदारांच्या सीमेवरील या टापूत बंदूक ही केवळ शिबंदीची वस्तू न राहता शेतकऱ्याच्या मचाणापर्यंत जाऊन पोहोचली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. ही बंदूक म्हणजे भरमार. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा, त्यावर गोळी किंवा छर्रे, आणि हे सारे गजाने तळापर्यंत ठासावयाचे, असा तिचा विधी. तिच्याविषयीची गाऱ्हाणी दोनच, पण ती जितकी जुनी तितकीच सार्वत्रिक आहेत: एक, चार बार काढल्यावर गज आत जाईनासा होतो, आणि दुसरे, ती खांद्याला असा धक्का देते की नेम धरणाऱ्याचे डोळे चाप ओढण्यापूर्वीच मिटू लागतात.

या दोन्ही गाऱ्हाण्यांचे मूळ बहुतांशी एकच असून ते लोहाराच्या कारागिरीत नव्हे, तर काळ्या दारूच्या स्वभावात आहे. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण जळाले म्हणजे वजनाच्या शंभर भागांपैकी सुमारे ४३ भागांचाच वायू होतो; उरलेले ५७ भाग घनरूप राहतात. त्यांतील काही धुरावाटे निघून जातात आणि काही नळीच्या अंगाला काजळी होऊन चिकटतात. या काजळीत पोटॅशचे क्षार असल्यामुळे ती हवेतील ओलावा शोषते, पावसाळ्यात चिखलासारखी मऊ होते आणि लोखंडाला गंज चढविते. उलट चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) वैशाखात ती वाळून खडबडीत खपली बनते. प्रत्येक बारागणिक नळीचा व्यास आतून थोडा थोडा कमी होत जातो. पहिल्या बाराला अलगद उतरलेली गोळी पाचव्या बाराला रेटावी लागते, आणि रेटून बसविलेली गोळी सुटताना अधिक अडत असल्यामुळे तिच्यामागे दाब वाढून खांद्यावरचा आघातही वाढतो.

हे तत्त्व पुस्तकात येण्यापूर्वी शेकडो वर्षे हिंदुस्थानच्या तोडेदार शिपायास अनुभवाने ठाऊक होते. त्याच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीने बार पेटविण्याच्या, बंदुकीची नळी लांब, जड आणि आतून सपाट असे, आणि तो गोळी नळीच्या मानाने लहान घेई. परिणामी काजळी साचूनही ठासणी सुकर राहत असे आणि नळीच्या वजनामुळे धक्का पुष्कळसा जिरून जाई. कंपनी सरकारच्या पलटणींत जी चकमकीची बंदूक होती, तिच्या नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच आणि गोळीचा मात्र .६९ इंच, म्हणजे भोवती चांगली सैल जागा हेतुतः ठेविलेली. या सैलपणाची किंमत नेमबाजीत मोजावी लागे, शंभर पावलांपलीकडे गोळी कोठे जाईल याचा भरवसा नसे. परंतु जेथे झाडीमुळे सावज तीस-चाळीस पावलांवर येईपर्यंत दिसतच नाही, तेथे शंभर पावलांचा हिशेब करतो कोण?

नेम हवा म्हणून नळीत पेचदार आटे पाडले, की गोळी आट्यांत घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट बसणारी गोळी काजळीतून खाली उतरावयाची कशी, हा प्रश्न युरोपातील शस्त्रकारांना अर्धशतकभर छळीत राहिला. १८०० च्या सुमारास इंग्रजी फौजेत आलेल्या बेकर रायफलीबरोबर प्रारंभी गोळी ठोकून बसविण्यासाठी एक लाकडी मोगरीच देत असत! फ्रान्समधील कॅप्टन मिनिए याने १८४९ साली यावर तोड काढली: गोळी नळीहून किंचित लहान, पण बुडाशी पोकळ ठेवावयाची, म्हणजे दारू पेटताच ती फुगून आट्यांत बसते. याच तत्त्वावरील १८५३ च्या एनफिल्ड रायफलीचा व्यास .५७७ इंच आणि गोळीचा .५६८ इंच होता. राहिलेली फट इतकी अल्प की, काडतुसाच्या कागदाला चरबी चोपडून काजळी मऊ ठेवल्याखेरीज ठासणी चालणेच कठीण होते. १८५७ च्या काडतुसांवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गाय-डुकराच्या चरबीने धर्म बुडतो ही शिपायांची भीती सर्वांना पाठ आहे. पण मुळात तेथे चरबी लागतच का होती, हे सांगण्याची तसदी इतिहासकार फारशी घेत नाहीत. पुढे इंग्रजांनी एनफिल्डची गोळी .५५ इंचांवर आणली आणि चरबीऐवजी मेण वापरले. म्हणजे जी सैल जागा देशी तोडेदाराने पिढ्यान्‌पिढ्या राखली होती, तिचाच काही अंश कंपनीच्या वारसदारांना आडवळणाने का होईना, मान्य करावा लागला.

१८५७ च्या उठावाच्या धामधुमीचा एक लोट या मुलखातही आला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले यांची सेना उभारून १८५८ च्या मार्चपासून डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनच्या तुकड्यांशी झुंज मांडली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले, आणि २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर छापा पडून गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास फाशी देण्यात आले. हा झगडा ऐन उन्हाळ्यात पेटला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कारण तोडा विझू न देणारा आणि रंजक, म्हणजे कानावरची पेटवणीची दारू, कोरडी ठेवणारा वर्षातला ऋतू तोच.

मध्यप्रांताच्या जंगलखात्यात काम केलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८७१ च्या ग्रंथामुळे लोकांस परिचित आहे, परंतु शिकारी रायफलींवरील त्याचे १८६३ चे पुस्तक आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. जंगलात लांबट गोळीपेक्षा वाटोळी गोळी बरी, आटे उथळ आणि त्यांचा पेच सावकाश असावा, असा त्याचा आग्रह होता. एनफिल्डच्या आट्यांचा एक वेढा ७८ इंचांत पुरा होई, तर फॉर्सिथने आपल्या रायफलीत तो १०४ इंचांपर्यंत लांबविला. पेच मंद असल्याने दारूचा भरणा वाढविला तरी गोळी आटे सोडून घसरत नाही, ही त्यातील खुबी होय.

भरणा वाढविला की धक्का मात्र वाढणारच. जितके वजन जितक्या वेगाने पुढे जाते, त्याच्या हिशेबाने बंदूक मागे येते, आणि ती हलकी असेल तर अधिक जोराने येते. मापाची कुपी न वापरता ओंजळीच्या अंदाजाने दारू ओतणे, गोळी जड घेणे, बोळा जाड घालणे, अरुंद दस्ता खांद्यावर न टेकता सैल धरणे, ही सारी धक्क्याची नित्याची कारणे. परंतु सर्वांत घातक कारण म्हणजे बारावर बार. कान, म्हणजे नळीत ठिणगी जाण्याचे भोक, बुजल्यामुळे किंवा घोड्याखालची स्फोटक टोपी दमट असल्यामुळे बार न निघता राहतो, घाईत ते ध्यानात येत नाही, आणि त्यावरच दुसरा भरला जातो. आफ्रिकेतील प्रख्यात शिकारी सेलूस याच्या हत्तीमार बंदुकीत एकदा असेच झाले. बार निघताच तो उचलला जाऊन आपटला आणि त्याचा गाल फाटला. १८६३ साली अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावर गोळा केलेल्या सुमारे २७,५०० बंदुकांपैकी २४,००० भरलेल्या निघाल्या. त्यांतील निम्म्यांत दोन दोन बार होते, आणि एकीत तर तेवीस! कवायती फौजेची ही गत, तर अंधारात रानडुकराची चाहूल घेत मचाणावर बसलेल्या कुळंब्याला काय दोष द्यावा? दुसरा धोका याच्या उलट जातीचा. काजळीमुळे गोळी मध्येच अडकून दारू आणि ती यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर नळी त्या जागी फुगते किंवा फुटते.

यांवरचे उपाय साधेच आहेत. गोळी तळाशी पोहोचली म्हणजे गज जेथवर बाहेर राहतो तेथे त्यावर खूण करणे. काही बारांनंतर ओल्या चिंधीने नळी पुसणे. आणि काम संपताच कढत पाण्याने धुणे. काजळीतील क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नुसते तेल पाजून ठेवलेली नळी आतून गंजते, तिला खड्डे पडतात, आणि पुढच्या खेपेस त्याच खड्ड्यांत गज अडतो. तेल द्यावयाचे ते धुऊन सुकविल्यावर.

काडतुसाच्या बंदुका आल्या आणि जगाने ठासणी सोडली, तरी सरकारने ती पुरती सोडली नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याचा जाच सर्वत्र लागू झाला. आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, तेराव्या कलमान्वये, पीकरक्षणार्थ मागितलेल्या परवान्यात ठासणीच्याच बंदुकीला अग्रस्थान मिळाले. ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. पुढे नक्षलवादाच्या काळात भरमार हा शब्द गडचिरोलीच्या वार्तांत जप्तीच्या यादीतला शब्द होऊन बसला, आणि अलीकडे दुर्गम गावांतील लोकांनी पिढीजात भरमारी आपण होऊन पोलिसांकडे जमा केल्याचेही वाचनात आले.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची अशी बंदूक माळ्यावर अजून पडून असेल, त्यांना एवढीच विनंती की, ती भरलेलीच आहे असे समजून वागावे. तिचा घोडा कोणी ओढू नये, नळीत कोणी डोकावू नये, आणि स्वतः तिच्यात गज न घालता ठाण्याला वर्दी देऊन जाणत्या शस्त्रकाराकडून ती रिकामी करवून घ्यावी. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते.