मोतद्दाराचे हात

दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरदारांचे अश्व पायी आळंदीस जातात, आणि तेथून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट धरतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालखी सोहळ्यास आजचे रूप दिले, त्या काळापासून हा मान अंकलीकडे चालत आला आहे. हैबतबाबा पूर्वी ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी होते, हे आमच्या तिकडील वाचकांस ठाऊक असेलच. रिंगणात माउलींचा अश्व स्वारावाचून धावतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. आम्हीही ती लाविली आहे. परंतु इतकी वाट चालून आलेले जनावर रिंगणात वाऱ्यासारखे सुटते, तेव्हा ज्या हातांनी त्याचे पाय चोळले त्या हातांची आठवण आम्हांस कधी झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेख त्या हातांविषयी आहे.

खरारा म्हणजे धूळ झाडणे आणि मालीश म्हणजे श्रीमंतांच्या घोड्यांचे लाड, असा एक समज आहे. घोड्याच्या शरीराची घडण पाहिली की तो टिकत नाही. उभ्या घोड्याचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, आणि गुडघ्याखाली मांस म्हणून जवळजवळ नाहीच. दोरासारख्या ताठ कंडरांवर सारा डोलारा. पाठीवर खोगीर आणि स्वार यांचे ओझे. दिवसभराच्या मजलेनंतर खांदे व पाठ आखडतात. त्या वेळी तळहाताने दाबून, रगडून, केसांच्या वळणाने चोळले म्हणजे आखडलेला स्नायू सैल होतो. त्याहून मोठा लाभ असा की, रोज फिरणाऱ्या हातास पायातली नवी ऊब किंवा बारीकशी सूज डोळ्यांच्या आधी कळते. घोडा लंगडू लागल्यावर सर्वांसच कळते. लंगडण्यापूर्वी कळणे ही मोतद्दाराची विद्या.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन अश्वशाळेत राहिला. राजपुत्रास त्यात कमीपणा वाटला नाही. शालिहोत्राचे नाव तर या शास्त्रालाच पडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांस दिवसातून दोनदा स्नान आणि गंधमाळा द्यावी, असे तेथे सांगितले असून दाणा शिजविणारा, गवत देणारा, केस नीट करणारा असे निरनिराळे सेवकही मोजले आहेत. नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्राचा सचित्र ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महालाने १९५२ साली छापला. भोसले राजांनी जोपासलेल्या या ग्रंथालयातून तो बाहेर यावा, हे आम्हांस उचितच वाटते.

ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या सेनानीने अश्वविद्येवर लहानसा ग्रंथ लिहिला. घोड्याच्या पाठीस कोणतेही हत्यार लावू नये, ती नुसत्या हाताने, केस ज्या बाजूस वळतात त्या बाजूस चोळावी, असे त्याने बजाविले आहे. पायही धुण्यापेक्षा हाताने चोळून स्वच्छ करावे, कारण रोजच्या ओलीने खूर बिघडतात, हे त्याचे मत.

हाताची विद्या नसली म्हणजे काय होते, ते मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविले. चोळमंडळाच्या किनाऱ्यावरील राजे दरसाल हजारो घोडे समुद्रापलीकडून विकत घेत, आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरही जगत नसत. कारण जनावरांची निगा जाणणारा तेथे कोणी नव्हता. घोडे विकणारे व्यापारी असा जाणता माणूस तिकडे जाऊही देत नसत, असे तो सांगतो. घोडे मेले की नवे खपत! पुढे हाच व्यापार गोव्याच्या बंदरात भरभराटला. विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही होर्मुझहून येणारे घोडे हवे होते, आणि १५१० साली गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी त्या ओढीचा पुरेपूर लाभ उठविला.

दूरदेशीच्या घोड्याची किंमत मोजणे एक, आणि घोडा राखणे निराळे. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सभासदाने दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई, त्यापूर्वीच दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार ठेवण्याची आज्ञा असे. चिपळूणच्या छावणीस महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे; दाणावैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय. पखालजीची आणि नालबंदाची नोंद झाली. पण कोणा एका मोतद्दाराचे नाव बखरींतून शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

अलीकडे पाश्चात्य देशांत घोड्यांचे मालीश हा शिकविण्याचा स्वतंत्र विषय झाला आहे. १९९३ साली फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांस मानेच्या मुळाशी, वशिंडाच्या जागी, दातांनी खाजवितात; तेथेच माणसाने हाताने चोळले असता त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळले. २००४ सालच्या दुसऱ्या एका प्राथमिक अभ्यासातही मालिशाने ठोके उतरल्याचे दिसले. असे प्रयोग थोड्या घोड्यांवर झालेले असल्याने त्यांवर फार मोठा इमला रचू नये. ताजी जखम, ताप, किंवा हाड वा खूर दुखावल्याची शंका असता चोळणे अपायकारक. तेथे पशुवैद्यच पाहिजे.

आम्हांस बोचते ते एवढेच की, परदेशी प्रमाणपत्रवाल्यास तज्ज्ञ म्हणावयाचे, आणि तीच हाताची कसोटी बापाकडून शिकलेल्यास नुसता नोकर. पागा मोडल्या, संस्थाने गेली, मोटारी आल्या. ती माणसे पांगली. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील किंवा सीमाभागातील ज्या घराण्यांत पूर्वी घोडी होती, त्यांतील कोणा वाचकास पागेतले मोतद्दार, त्यांची नावे, तेल कोणते लावीत, कोठून चोळावयास आरंभ करीत, हे ऐकून माहीत असल्यास त्यांनी आम्हांस अवश्य लिहून पाठवावे. पुढील अंकांत त्यासाठी जागा ठेविली आहे.