अमेरिकी ट्रकचे चाक : निवड आणि बैठक यांचा इतिहास

ट्रकला आपल्या पसंतीचे चाक बसवून घेण्याची प्रथा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली असली, तरी तिचा पाया शतकाच्या पूर्वार्धातच घातला गेला होता. कारण चाक निवडता यायचे, तर ते आधी गाडीपासून सहज सुटे होणारे असावे लागते. आरंभीच्या ट्रकचे चाक तसे नव्हते. तोफगाड्यांच्या चाकांच्या धर्तीवर घडवलेल्या त्या लाकडी चाकाचे आरे मधल्या तुंब्याला, म्हणजे आज ज्याला हब म्हणतात त्याला, जखडलेले असत आणि कडेवर भरीव रबराची धाव चढवलेली असे. गुडइयर कंपनीने १९१७ साली अक्रन ते बॉस्टन अशी मालवाहतूक हवेच्या टायरांवर करून दाखवली, तेव्हा लांब पल्ल्याचा मार्ग मोकळा झाला. पण हवेचा टायर म्हणजे पंक्चर आणि पंक्चर म्हणजे रस्त्यातच चाक उतरवणे, त्यामुळे हबवर बोल्टांनी आवळायच्या पोलादी तबकडीच्या चाकाला महत्त्व आले.

या तबकडीचा खोलगट आकारही गरजेतून आला. अवजड ट्रकच्या मागच्या आसावर जोडचाके बसवताना दोन चाकांच्या तबकड्या पाठीला पाठ लावून ठेवाव्या लागतात, आणि तेच चाक उलटे करून पुढच्या आसावरही चालते. परिणामी एकाच घडणीचे चाक गाडीभर वापरता आले. अल्कोआ कंपनीने १९४८ साली ट्रकसाठी घडीव अ‍ॅल्युमिनियमचे चाक आणले आणि चाकाचे वजन कमी करून तेवढा माल अधिक नेण्याची सोय झाली. दुसरीकडे, १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या अमेरिकन रेसिंगसारख्या कंपन्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी केलेली हलकी चाके लोकप्रिय झाली आणि हौसेने चाक बदलण्याची ती आवड पुढे पिकअप ट्रकपर्यंत पोहोचली.

मात्र चाक सुटे झाले, तरी ते सार्वत्रिक झाले नाही. हबवरील बोल्ट ज्या काल्पनिक वर्तुळावर समान अंतराने बसवलेले असतात, त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. फोर्डच्या १९२८ च्या मॉडेल ए मोटारीवरील पाच बोल्टांचे साडेपाच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचे वर्तुळ १९९६ पर्यंतच्या एफ-१५० पिकअपवरही होते. १९९७ च्या मॉडेलपासून ते १३५ मिलिमीटर झाले आणि २००४ मध्ये त्याच मापावर सहा बोल्ट आले. शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० वर मात्र सहा बोल्टांचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचे आहे. सहा बोल्टांच्या या दोन चाकांमधला फरक ४.७ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक छिद्रामागे जेमतेम २.३५ मिलिमीटरचा असल्यामुळे तो नजरेला जाणवत नाही. पण असे चाक जबरीने बसवल्यास नटाचा निमुळता भाग छिद्राच्या उतारात पूर्ण टेकत नाही, बोल्टावर वाकवणारा ताण येतो आणि नट सैल होण्याचा धोका राहतो. मधल्या छिद्राचे मापही असेच निर्णायक ठरते : ते हबपेक्षा लहान असल्यास चाक चढतच नाही, आणि मोठे असल्यास ते नेमके मध्यावर ठेवण्याचे काम निमुळत्या नटांवर किंवा मधे घातलेल्या कड्यावर येऊन पडते.

तिसरे माप ऑफसेटचे, म्हणजे चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि रिमच्या रुंदीची मध्यरेषा यांतील अंतराचे. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन मानला जातो आणि चाक मडगार्डच्या आत सरकते. तो फार वाढला, तर टायर किंवा रिम आतल्या भागांना घासते. ऑफसेट ऋण असल्यास चाक बाहेर येते, गाडी ऐटदार दिसते, पण भार बेअरिंगपासून दूर गेल्याने त्यावरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभावही बदलतो. म्हणून योग्य निवडीत आधी चाकाची भारक्षमता पाहावी, मग बोल्टांचे वर्तुळ, मधले छिद्र आणि ऑफसेट जुळवावेत, आणि रंगरूपाचा विचार त्यानंतरच करावा. कारखान्यांनी वेळोवेळी घेतलेले निर्णय या मापांत साठलेले आहेत. ती जाणून घेणारा ग्राहकच सुट्या चाकाने दिलेले स्वातंत्र्य निर्धोकपणे वापरू शकतो.