वाहनाचा कंठ

वाहन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याचें साधन, एवढीच व्याख्या खरी असती, तर बैलाच्या गळ्यांत घुंगुरमाळ बांधण्याचें कांहींच कारण नव्हतें. नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें घोड्याबरोबर त्याचा साजही विकला जातो. विकत घेतलेलें जनावर साज चढविल्यावांचून आपलें झालें असें धन्यास वाटतच नाहीं. मोटारींतील कारखान्याचा ध्वनिसंच काढून त्याहून सरस संच बसविण्याची हौस ही या जुन्या वृत्तीचीच पुढची पायरी होय. परंतु तिचा इतिहास पाहूं गेल्यास हौसेपलीकडचा एक प्रश्न पुढें येतो. तो म्हणजे, प्रवासांत ऐकावयाचें गाणें कोणी निवडावयाचें?

१९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन यांच्या कारखान्यानें 'मोटोरोला' नांवाचा मोटाररेडिओ विक्रीस आणला. त्याची किंमत सुमारें १३० डॉलर होती, आणि त्या वेळीं फोर्डची मोटार ५४० डॉलरांस मिळे. म्हणजे गाडीच्या जवळजवळ चतुर्थांश किंमत केवळ गाण्यासाठीं! चालकाचें लक्ष विचलित होईल म्हणून त्यावर बंदी घालण्याचे प्रस्तावही कांहीं ठिकाणीं निघाले. तरीही लोकांनीं तो घेतला. मात्र रेडिओ कितीही महाग असला तरी त्यांतून ऐकूं येई तें दुसऱ्यानें निवडलेलें.

या पराधीनतेचा अनुभव आपल्या देशांत लवकरच आला. १९५२ सालीं नभोवाणी खात्याची सूत्रें बाळकृष्ण केसकर या मराठी गृहस्थांच्या हातीं आलीं. अभिजात संगीताविषयींच्या त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाहीं. पण त्या धोरणांत चित्रपटगीतांस फारसें स्थान उरलें नाहीं, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरांत विविध भारती सुरू करावी लागली, ती या लोकरुचीपुढें नमूनच. खरी सुटका केली ती फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं पुढें आणलेल्या कॅसेटनें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली. मध्यमवर्गाच्या दारांत मोटार उभी राहूं लागली, आणि तिच्यांत टेप बसवून घेणें हा गृहप्रवेशासारखा सोहळा होऊन बसला.

या सुधारणांस शास्त्रीय कारणही आहे. चाकांचा व यंत्राचा गडगडाट मुख्यतः खर्जांतला असल्यामुळें तो प्रथम ढोलाचाच आवाज गिळून टाकतो. शिवाय बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्या दाबावर मोठा कर्णा जोरानें हालत नाहीं. म्हणून शिटाखालीं अँप्लिफायर आणि डिकींत वूफरची पेटी बसवावी लागते. अक्कलकुवें तालुक्यांतील काठीच्या होळीचे ढोल ज्यानें ऐकले आहेत, त्याला दारांतल्या चार इंची स्पीकरमधून निघणारा टकटक आवाज पसंत पडेल तरी कसा?

आणखी एक गोष्ट. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें या जिल्ह्यांत शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिली, पावरी, मावची या येथील बोली, मैदानांत अहिराणी. नभोवाणीच्या प्रमाण भाषेंत यांना घडीभराची पाहुणचाराची जागा मिळाली, तर मिळाली. कॅसेट स्वस्त झाल्यावर मात्र बोलींतील गाणीं ध्वनिमुद्रित करून विकणें परवडूं लागलें. त्यांतच एफ्. एम्. च्या लहरी डोंगराआड पोंचत नाहींत. धडगांव किंवा तोरणमाळच्या वळणांवर रेडिओ मुका होतो, आणि जवळची कॅसेट किंवा तिच्या जागीं आलेला पेनड्राइव्ह तेवढा बोलत राहतो. काळ्या-पिवळ्या जीपमधून मोठ्यानें वाजणारें गाणें ऐकून नाकें मुरडणाऱ्या आपणां सुशिक्षितांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या भाषेला पाठ्यपुस्तकांत व कचेरींत फारशी जागा नाहीं, तिला त्या जीपमध्यें ती मिळाली आहे.

अर्थात् स्वतःचें गाणें निवडण्याचा हक्क म्हणजे तें दुसऱ्याच्या कानीं लादण्याचा हक्क नव्हे. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले, आणि १८ जुलै २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें नको तें ऐकण्याची सक्ती कोणावरही होऊं नये, हें तत्त्व उचलून धरलें. नभोवाणीनें आपलें गाणें लादूं नये म्हणून ज्यानें स्वतःचा टेप बसविला, त्यानेंच रस्त्यावरच्या आजाऱ्यावर व अभ्यास करणाऱ्या मुलावर आपलें गाणें लादावें, हें न्यायाचें नाहीं. गाडीच्या कांचा ही या हौसेची मर्यादा. त्यांच्या आंत ज्याला जें आवडेल, तें त्यानें खुशाल आणि हवें तितक्या उत्तम यंत्रावर ऐकावें.